उलटा बाण

सकाळपासून मोजणीबाई पाच वेळा खुर्चीतून उठल्या. खिडकीपर्यंत जायचं, तिथून तळं दिसत नाही हे पुन्हा एकदा बघायचं आणि परत येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. कशातच जीव लागत नव्हता.

प्रयोगशाळेत त्यांना दुसरं नाव उरलंच नव्हतं. सव्वीस वर्षं एकच काम. तळ्याच्या तळातला गाळ नळीने उभाच्या उभा उपसायचा, त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या करायच्या, आम्लात उकळायच्या आणि उरलेला थेंब काचेवर पसरून त्यातली शेवाळाची कवचं मोजायची. कवचं कसली, काचेचे नक्षीदार कण. नितळ पाण्यात एका जातीचं शेवाळ वाढतं, घाण पाण्यात दुसऱ्या जातीचं. शेवाळ मरतं, कवच गाळात राहतं. वरचा थर कालचा, तळचा पणजोबांच्या काळचा.

कॉलेजची पायरी न चढलेल्या या बाईने कितीतरी पोरींना जाती ओळखायला शिकवलं. त्यातलीच एक आता त्यांची मॅडम होती. बाईंनी तेही हसत गिळलं. आपण एकदाही चुकलो नाही, एवढं मात्र त्या येताजाता ऐकवायच्या.

आणि आता कारखान्याजवळचं हे तळं. मासे उताणे होऊन तरंगायला लागले, काठचे लोक बोंबलले, तेव्हा कारखान्याने हात झटकले. म्हणे, तळं पहिल्यापासून घाणच. उद्या सुनावणी होती, आणि बाईंचे आकडे कारखान्याच्याच बाजूने उभे होते. तळच्या थरांत घाण पाण्याची कवचं, वर येता येता नितळ पाण्याची. म्हणजे कारखान्याने येऊन तळं सुधारलं की काय? मॅडमचा अहवाल तयार होता.

बाई त्याच तळ्यात पोहायला शिकल्या होत्या. भाऊ अजून तिथे जाळं टाकायचा. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांनीच दहा जणांना सुनावलेलं.

सहाव्यांदा उठताना त्यांना होडी आठवली.

होडी भावाचीच होती. शिरस्ता असा, की नळी पाण्याबाहेर आली की ती उभी असतानाच तिच्यावर बाण काढायचा, टोक वर. या तळ्याचा गाळ काढला त्या दिवशी भाऊ वल्हं सोडून भांडत बसला होता.

"ताई, तुझ्या या नळीने मासे परत येणार आहेत का?"

"तोंड चालवतोस त्यापेक्षा वल्हं चालव."

रागाच्या भरात त्यांनी बुचं लावून नळी आडवी ठेवली. बाण काढला तो काठावर आल्यावर.

बाई परत खुर्चीत बसल्या. त्यांनी सगळ्यात तळच्या थराची काच लावली. या वेळी कवचं बघितलीच नाहीत. बघितले ते काळे, गोल ठिपके. कारखान्याच्या चिमणीच्या धुरातले जळके गोळे. मोजताना ते कचरा म्हणून सोडून द्यायचे, हा नियमही बाईंचाच. पणजोबांच्या थरात गोळेच गोळे होते. सगळ्यात वरच्या थराच्या काचेत एकही नाही. आणि चिमणी उभी राहून जेमतेम तीस वर्षं झालेली.

त्या तडक मॅडमच्या टेबलापाशी गेल्या. "नळी उलटी कापली आपण. बाण मीच उलटा काढला."

मॅडमने दोन्ही काचा बघितल्या. बराच वेळ बघितल्या. "बाई, होडी तुमच्या भावाची. लोक म्हणतील, भावासाठी फिरवलं."

"म्हणू देत. धूर तर माझा भाऊ नाही ना?"

"मी 'तांत्रिक त्रुटी' असं लिहिते. तुमचं नाव कशाला?" मॅडमने अहवालाच्या कागदावर तसं लिहिलंही.

"त्रुटी आपोआप झाली का? उद्या त्यांचा वकील विचारेल, कुणी केली. तेव्हा तुम्ही इकडे तिकडे बघाल आणि सगळा अहवाल पाण्यात जाईल." बाईंनी कागद ओढून घेतला, ते दोन शब्द खोडले आणि आपल्या जाड अक्षरात लिहिलं: बाण मी काढला. उलटा काढला. खाली सही. ती त्यांनी पुन्हा एकदा गिरवली.

मग जागेवर येऊन पहिली काच लावली. संध्याकाळपर्यंत चाळीस काचांतले गोळे मोजायचे होते, सव्वीस वर्षांत कधी न मोजलेले. अकराव्या काचेला त्या परत उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि भावाला फोन लावला.

"माझी चूक झाली रे," त्या म्हणाल्या.

पलीकडे वल्ह्याचा आवाज थांबला.

"तुझी?" भाऊ म्हणाला. "परत सांग."

"कामात आहे मी," म्हणून बाईंनी फोन ठेवला.