मोघ्यांचा राजपुत्र

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात एकनाथ मोघे म्हटलं की आधी स्लाइड प्रोजेक्टर आठवायचा. मिरजेहून आलेले सिव्हिल इंजिनीअर. पोटासाठी काउंटीच्या गटारांची डिझाइन्स करायची आणि जीव मात्र इतिहासात. दर गणपतीत, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या जिममध्ये, आरती आणि जेवणाच्या मधे त्यांचं भाषण ठरलेलं. पोटात कावळे ओरडत असायचे, पण त्यांना आवरायची कोणाची टाप नव्हती. मी सरला, मंडळाची सेक्रेटरी, माझीही नाही.

विषयसुद्धा ठरलेला. एकोणिसाव्या शतकातला, एका चिमुकल्या जर्मन संस्थानाचा धाकटा राजपुत्र ऑटो. बापाशी भांडून अमेरिकेत आला, इथल्या यादवी युद्धात साधा शिपाई म्हणून उभा राहिला आणि परक्या फौजेचा सेनापती झाला. बापाने दरबारात त्याचं नाव घ्यायला बंदी केली. पुढे तो लढाईत पडला. त्याचा निळा कोट घरी पोचला तेव्हा म्हाताऱ्याने तो स्वतःच्या सिंहासनावर ठेवला आणि आपण खाली जमिनीवर बसला. इथे दरवर्षी आम्ही टाळ्या वाजवायचो.

त्यांचा एकुलता एक अमित पुढच्या रांगेत मांडी घालून ही गोष्ट ऐकत मोठा झाला. मराठी बोलताना अडखळायचा, पण राजपुत्र त्याला तोंडपाठ होता. आणि एक दिवस तो कॉलेज सोडून सैन्यात भरती झाला.

मोघ्यांनी घर डोक्यावर घेतलं. आम्हा डॉक्टर-इंजिनीअरांच्या गोतावळ्यात मुलगा शिपाई! मग आमच्यातल्या बऱ्याच जणांनी केलं असतं तेच त्यांनी केलं. अमित सेंट लुइसला मेडिकलला आहे, असं सगळ्यांना सांगून टाकलं. त्यांची बायको सुलेखा माझी जिवाभावाची मैत्रीण. तिने मला खरं सांगितलं आणि वर शपथ घातली.

चौऱ्याऐंशीच्या गणपतीला अमित रजेवर आला होता. साधा शर्ट, डोक्यावरचे केस अगदी बारीक. कोणीतरी विचारलंच, तर मोघे परस्पर म्हणाले, "हॉस्पिटलचा रूल आहे."

त्या दिवशी मुलांचा गुणगौरव असतो. ज्यांनी वर्षभरात काही नाव काढलं, त्यांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ द्यायचा. मी पडद्यामागे नारळ पुसत होते. पलीकडे बापलेक बोलत होते.

"बाबा, आय मेड सार्जंट. नऊ जण आहेत माझ्या हाताखाली. सरलाकाकूंना माझं नाव द्या ना. जस्ट वन्स."

"इथे नको, अमित. लोक काय म्हणतील?"

"युवर प्रिन्सला एव्हरी इयर टाळ्या मिळतात, बाबा."

"अरे, तो राजपुत्र होता."

मला मोघ्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. अमित पडद्यामागे आला, मला बघून ओशाळं हसला. मी नेहमी एक नारळ जास्तीचा आणते, तो त्याने हातात घेऊन जरा वेळ धरला आणि परत पाटीत ठेवला. "काकू, नेक्स्ट इयर," एवढंच म्हणाला. मग बापाची पाठ धरली होती म्हणून त्यानेच प्रोजेक्टर उचलून आत नेला आणि भाषणभर स्लाइड्स बदलत उभा राहिला.

पुढच्या वसंतात सरावाच्या वेळी धुक्यात अमितचं हेलिकॉप्टर कोसळलं. गणवेशातले दोघे अधिकारी मोघ्यांच्या दारात उभे राहिले. अंत्यविधीला आमचं सगळं मंडळ आलं आणि झेंड्यात गुंडाळलेली पेटी बघून गोंधळलं. एका भल्या डॉक्टरांनी मोघ्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलला होता हो?" मोघ्यांनी हात सोडवून घेतला. पेटी सीलबंद होती. सुलेखाने मुलाला नेसवायला नवं धोतर आणलं होतं, ते तसंच तिच्या मांडीवर राहिलं. माझा राग त्या दिवशी संपला. त्या माणसाकडे बघवत नव्हतं.

गणपती आले. मोघे येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. ते आले. हातात प्रोजेक्टर नव्हता, हँगरला अडकवलेला हिरवा कोट होता, बाहीवर सार्जंटच्या पट्ट्या. गुणगौरव चालू होता. ते थेट स्टेजवर आले. गणपतीशेजारच्या खुर्चीवर त्यांनी कोट ठेवला, बाह्या नीट केल्या आणि आपण खाली लाकडी जमिनीवर बसले.

"सरलाताई," ते म्हणाले, "माझ्या मुलाचं नाव द्यायचं राहिलंय. मेडिकल वगैरे काही नाही. माझा मुलगा सैनिक होता. मीच लपवलं."

मी जास्तीचा नारळ काढला. माइकवर मी मोठ्याने पुकारलं, "सार्जंट अमित एकनाथ मोघे."

नाव पुकारलं की मूल स्टेजवर येईपर्यंत थांबायचं आणि मग टाळ्या वाजवायच्या, ही आमची पद्धत. आम्ही सगळे थांबलो. मोघे स्टेजच्या पायऱ्यांकडे बघत बसले होते.