सावळ घाटात तेलाला वारा

ठाण्याहून निघालो तेव्हा डिकीत फराळाचे डबे होते, आत्यासाठी घेतलेलं लुगडं होतं आणि इंजिन तेलाचे डबे होते. यांतलं आधी काय संपणार, हे मला ठाऊक होतं.

ही ऐंशीच्या सुमाराची दिवाळी. गाडी माझ्या बाबांची, परदेशी, कासवाच्या पाठीची. इंजिन मागे, डिकी पुढे आणि पाण्याचा रेडिएटर मुळी नाहीच. इंजिन वाऱ्यावर गार होतं, म्हणजे व्हायला हवं. सपाट रस्त्यावर होतंही. घाट लागला की तेल तापून ताकासारखं पातळ होतं आणि बाईसाहेब बसकण मारतात.

बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, नाशिकच्या पलीकडे पेठला दिलेली. बाबांच्या कमरेला एस.टी.चे धक्के सोसत नाहीत आणि बहिणीच्या दारात भाड्याच्या गाडीने उतरायला ते राजी नाहीत. मागच्या दोन्ही भाऊबीजांना आम्ही सावळ घाटातून हात हलवत परतलो होतो. तिकडे आत्या पाट मांडून बसली होती. "या वेळी पोचलो नाही तर गाडी विकायची," असं मी बाबांना बजावलं. ते नुसते पुढचा दिवा पुसत राहिले.

कसारा घाटात ठरल्याप्रमाणे गाडी थांबली. एक ट्रकवाला आपणहून पाण्याचा डबा घेऊन आला.

"ताई, बॉनेट उघडा, पाणी टाकू."

"हिला पाणी लागत नाही हो."

"मग पिते काय?"

"वारा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि डबा बाबांच्या हातात दिला. बाबा ते पाणी प्यायले.

घोटीला कापणीला आलेल्या भाताचा वास आणि कढईतून निघणारी भजी, दोन्ही पोटभर घेतलं. नाशिकला गंगापूर रोडवर मैत्रिणीकडे मुक्काम होता. तिनेच भास्करराव मिस्त्रींचं गॅरेज सुचवलं. हा मखमलाबादच्या फुलांच्या मळ्यातला माणूस. बोलायला लागला की पाना हातातच राहतो.

"ताई, इंजिन झ्याक हाय," ते झाकण उघडून म्हणाले. "पण तेलाला दम खायला जागा नाय. आपण तेल भाईर काढू, हवा खाऊ घालू, परत आत सोडू."

भंगारातल्या कॉम्प्रेसरचा ऑइल कूलर, म्हणजे रेडिएटरसारखी एक छोटी जाळी, त्यांनी शोधून आणली आणि मागच्या काचेखाली, इंजिनाच्या झाकणावर, लोखंडी पट्ट्यांवर उभी केली. तेल न्यायला-आणायला दोन जाड पाइप हवे होते. साधं रबर गरम तेलात फुगतं, म्हणून ट्रॅक्टरचे पाइप पिंपळगाव बसवंतहून मागवले. ते कांद्याच्या टेंपोतून आले आणि गाडीला दिवसभर कांद्याचा वास मारत राहिला.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा एका सांध्यातून तेल उडालं, ते नेमकं बाबांच्या दिवाळीच्या सदऱ्यावर. बाबांनी सदऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाळीला हात लावून म्हणाले, "गरम झाली! म्हणजे तेल इथवर आलं." मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

पाडव्याला गाडी तयार झाली. पूजेशिवाय ती बाहेर काढायचं कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, मग मनगटाएवढी जाड झेंडूची माळ आली. "आमच्या मळ्यातली हाय, बाजारची नाय," भास्करराव म्हणाले आणि घाटात उडून जाऊ नये म्हणून त्यांनी ती जाळीवर वेढे देऊन तारेने घट्ट आवळली.

भाऊबीजेला सकाळीच निघालो. द्राक्षांचे मांडव मागे पडले, उतारांवर नागलीची (नाचणीची) शेतं दिसू लागली. आरशात केशरी झेंडू दिसत होता. मला तो शकुनच वाटला. आणि सावळ घाटात, त्याच जुन्या ओळखीच्या वळणावर, डॅशबोर्डवरचा, तेलाचा इशारा देणारा लाल दिवा लुकलुकला.

मी गाडी कडेला घेतली. "संपलं, बाबा," एवढंच मी म्हणाले.

बाबा कंबर धरत उतरले, मागे गेले आणि वाकून हुंगू लागले.

"अगं, झेंडू शिजल्याचा वास येतोय!"

धावत जाऊन पाहते तर माळ तपकिरी पडलेली आणि तिच्याखाली जाळीची सगळी भोकं बंद. वाऱ्यासाठी एवढा खटाटोप केला आणि त्या वाऱ्याचीच वाट आम्ही तिघांनी हात जोडून अडवली होती! पकडीने तार तोडली. फुलांनी बोटं पोळली, पण हसू आवरेना.

इंजिन निवल्यावर पुन्हा निघालो. एक वळण गेलं, मग आणखी एक. दिवा विझलेलाच. माथा आला तरी आम्ही दोघं गप्प होतो. बोललो तर दिवा ऐकेल, अशी धास्ती!

पेठला आत्या दारातच होती. गाडी पाहताच ती आत पळाली. आम्ही येणार नाही असं धरून तिने निरांजनात वातसुद्धा घातली नव्हती. घाईघाईने वात घालून तिने बाबांना ओवाळलं. मग नागलीची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. जेवणानंतर बाबांनी लुगडं पुढे केलं.

"ते ठेव बाजूला, दादा," आत्या म्हणाली. "मला या गाडीतून माहेरी ने."

दुसऱ्या दिवशी तिला पुढे बसवून परत निघालो. वाटेतल्या कोटंबीच्या चढाला मी आणि बाबा सारखे दिव्याकडे पाहत होतो. आत्या एकटी बोलत होती. चढ सरला, सावळ घाट आला. त्याच ओळखीच्या वळणावर बाबा मागून म्हणाले, "थांबव गं जरा."

मी आधी दिव्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. हिला दरी दाखवायची आहे."

मी गाडी कडेला घेतली. त्या वळणावर आम्ही इतक्यांदा थांबलो होतो, पण दरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.