पुरुषांना प्रवेश नाही

"बायॉप्सीत कॅन्सर आलाय. ब्रेस्ट कॅन्सर," सर्जन मॅडम म्हणाल्या, आणि मी शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"रामटेके, मी तुमच्याबद्दल बोलतेय."

मी छप्पन्न वर्षांचा पुरुष. खडकीला क्वार्टर्समध्ये राहतो, कारखान्यात फिटर आहे. पुरुषांच्याही छातीत स्तनाच्या थोड्या पेशी असतात आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. आठ महिने उशिरा. हा राग अजून जात नाही.

उजव्या स्तनाग्रामागची गाठ आंघोळ करताना हाताला लागली. हरभऱ्याएवढी, कडक, न दुखणारी. नेहमीच्या डॉक्टरांनी शर्टावरूनच चाचपलं. "चरबी आहे. भात कमी करा." पुन्हा गेलो तेव्हा स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं. ते हसले. "काय, मॅमोग्राफी करायचीय का तुम्हाला?" मीही हसलो. त्या दोन्ही हसण्यांची चीड येते मला.

माझी थोरली बहीण याच आजाराने गेली. घरात कुणाला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बायकांचा आजार, माझा काय संबंध!

शेवटी धुण्यात सुनंदाला, माझ्या बायकोला, बनियनवर रक्ताचा डाग दिसला.

"घासलं असेल कुठंतरी," मी म्हणालो.

"तुमचं ऐकत बसायला मला वेळ नाही. चप्पल घाला."

तिने सर्जनकडे नेलं; मॅडमनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, लिहून दिली. तपासणी केंद्राच्या दारावर पाटी होती, 'पुरुषांना प्रवेश नाही'. काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिला.

"पेशंटला आत पाठवा."

"मीच पेशंट."

"अहो, ही मॅमोग्राफी आहे."

"वाचता येतं मला."

नंबर येईपर्यंत सुनंदा आत खुर्चीवर आणि पेशंट बाहेर जिन्यात. तासभर.

मग बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. मग ऑपरेशन. उजवा स्तन पूर्ण काढला, काखेत सगळ्यांनाच असणाऱ्या काही लसिका गाठीही. त्यांतल्या दोन गाठींत आजार पोचला होता.

"आधी आलो असतो तर?"

मॅडम म्हणाल्या, "कदाचित केमो टळली असती."

टळली नाही. केस गेले, नखं काळी पडली, पाण्याला लोखंडाची चव आली. आता रोज एक गोळी आणि ठरावीक तपासण्या. रक्ताच्या तपासणीत आनुवंशिक दोष निघाला. तो मुलीतही असू शकतो, हे तिला मीच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आत्या गेली तेव्हाच आपण का नाही विचारलं कुणाला?" तिची तपासणी झाली. दोष नाही. त्या दिवशी मी सुनंदासमोर रडलो.

कामावर परतलो तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर शर्ट काढला. "बघा नीट. गाठ लागली, स्तनाग्र आत गेलं, रक्त आलं, कातडी सुरकुतली, तर थेट ब्रेस्टच्या सर्जनकडे जा. दुखायची वाट बघू नका. बाई असो, बुवा असो."

माझ्याच विभागातला पवार फिसकन हसला. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर तोच गेटवर आपल्या गाडीपाशी थांबला होता.

"माझ्या बायकोला, मालतीला, सहा महिन्यांपासून छातीत गाठ आहे. दुखत नाही, म्हणून..."

मी गेटवर सगळ्यांच्या देखत त्याच्यावर ओरडलो. मग त्याच्या गाडीवर मागे बसलो आणि म्हणालो, "चल तुझ्या घरी."