सिदिका आत्याचं उखळ

आमच्या गावात कुदळ मारली की संगमरवर लागतो. रोमन लोकांच्या पडक्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर आम्ही मिरच्या वाळवतो, वेशीच्या कमानीखाली ट्रॅक्टर उभे करतो. त्यांच्याच पडक्या देवळाच्या एका खांबाचा नक्षीदार माथा सिदिका आत्याच्या अंगणात उलटा बसलाय. कुणा पूर्वजानं त्याचं पोट कोरून उखळ केलं. गावातल्या प्रत्येक लग्नात शिजणाऱ्या केश्केकचा, म्हणजे मांस घातलेल्या घट्ट खिरीचा, गहू त्यातच कांडायचा, तोही माझ्या ढोलाच्या तालावर. लग्न नसेल तर त्याला कुणी हात लावत नाही.

म्युझियमवाले सोमवारी ते उखळ न्यायला येणार असं कळलं, आणि आत्याच्या पायाला भिंगरी लागली. चहा ओतायची आणि न पिताच उठायची. "शेवटचा गहू कांडल्याशिवाय मी ते हलू देणार नाही," हाच धोशा.

त्यासाठी लग्न हवं. ती आधी लग्न ठरलेल्या नेजलाकडे गेली.

"अगं, द्राक्षं उतरली की करणारच आहेस ना? मग या रविवारीच उरक!"

"आत्या, नवरा तिकडे पलटणीत. त्याला काय टपालानं मागवू?"

मग सुतार रिफकी.

"आत्या, माझी सोयरीकसुद्धा जमली नाही. चार दिवसांत बायको कुठून आणू?"

"एवढी धमक असती तर एव्हाना तीन पोरांचा बाप असतास!" म्हणत ती पुढच्या दाराकडे वळलीही.

मला तिचा वैताग आला होता. दगडासाठी एवढा जीव काढायचा? म्युझियमात निदान कोंबड्या तरी त्यावर बसणार नाहीत. मी तिला तसं सुनावलं. तरी ती थांबली नाही.

रविवारी सकाळीच तिची हाक आली, "बेकिर, ढोल घेऊन ये!"

अंगणात गहू भिजवलेला, उखळ स्वच्छ धुतलेलं. गल्ली गोळा झाली. रिफकीनं विचारलं, "आत्या, लग्न कुणाचं?"

"माझं."

हशा पिकला. "आणि नवरा?"

"त्याची वाट बघून झाली, बाबा. तुमच्या आयांचा गहू मी कांडला, तुमच्या बहिणींचा कांडला. माझ्यासाठी कुणी मोगरी उचलली नाही. उद्या उखळ जाणार. मग कधी उचलणार?"

कुणाला हसू येईना. नेजलानं पुढे होऊन मोगरी उचलली, मागोमाग रिफकीनं. पहिल्या ठोक्याआधी नवरीचं नाव पुकारायचं काम ढोलवाल्याचं.

मी पुकारलं. आत्यानं घाईघाईनं डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि मान खाली घातली.