टाकी भरल्याचे ठोके

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी हसून उठून जायची... आता तुम्ही हसा!

आमचं घर बुऱ्हाणपुरात, लालबागला. आमचे हे कागदाच्या मिलमध्ये फिटर होते. नळाला पाणी आलं की मी खाली मोटर लावायची आणि हे गच्चीवर टाकीजवळ उभे राहायचे. टाकी भरली की हाक नाही – पान्यानं लोखंडी पाइप ठोकायचे. दोन ठोके, जरा थांबून एक. मग मी मोटर बंद करायची.

"तोंडाला कुलूप लावलंय का?" मी चिडवायची.

"तुले हाक कुठं ऐकू येते? एक मोटरचा आवाज, त्यावर तुझा!"

गेल्या वर्षी हे गेले. लेकीनं, सीमानं, मला वॉशिंग मशीन घेऊन दिली. पहिल्याच दिवशी मशीनमध्ये पाणी भरत असताना भिंतीवरचा पाइप वाजला. ठक ठक... ठक. माझ्या हातातलं धुणं तिथंच पडलं.

मग काय, रोज मशीन! कपडे नसले तर धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायची. सीमाच्या ते लक्षात आलंच. तिनं प्लंबरला, रफीकभाईंना, बोलावलं. त्यांनी मशीन लावून पाइपावर हात ठेवला.

"डरायचं काही नाही, काकी. पाणी घेताना मशीनचा व्हॉल्व एकदम बंद होतो ना, तर पळतं पाणी तिथंच धडकते. क्लॅम्प ढिल्ले आहेत, म्हणून पाइप भिंतीवर आपटते."

"राहू द्या तसंच," मी म्हटलं.

"आई, एखाद दिवशी पाइप फुटेल गं," सीमा म्हणाली. मग हळूच – "बाबा नाहीत त्यात."

मी रफीकभाईंसाठी चहा ठेवायला उठले. लोखंडी पाइप सगळा निघाला, प्लास्टिकचा आला, क्लॅम्प घट्ट बसले. मशीन मुकी झाली. त्या दिवशी मी नळ सोडून मोरीत रडले.

नंतर एका दुपारी मोटर लावून डाळ निवडत बसले होते, डोळा लागला. मशीन बंद होती, तिचा प्लगही काढलेला. आणि... ठक ठक... ठक. लोखंडावर पाना आपटावा तसा खणखणीत आवाज! धावत जाऊन मोटर बंद केली, गच्चीवर गेले. टाकी काठोकाठ भरलेली, बाहेर थेंब नाही. वर कुणीच नव्हतं.

रफीकभाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी नवा पाइप ठोकून पाहिला – नुसतं डब डब. "काकी, ये अपनी समझ के बाहर है," म्हणाले.

माझ्याही समजेबाहेर आहे. आवाज पुन्हा आला नाही. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र सीमानं आणून दिलंय, ते खोक्यातच आहे. मी मोटर लावते आणि बंद करायला मुद्दाम उशीर करते. पाणी गल्लीत सांडतं, शेजारीण ओरडते, "काकी, टाकी भरली!"

भरली हे मलाही कळतं हो. पण ते यांनी सांगावं ना.