गाळलेले फोटो

केडगावात पुणे रस्त्यालगत माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत अमजद बसतो. त्याचे वडील अब्दुलभाई पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आलं आणि त्यांचं काम बसलं. त्यांच्या पोटावर पाय आणला तो माझ्यासारख्यांनीच, तरी चहाला ते रोज माझ्याकडेच यायचे. मला लाज वाटायची, त्यांना मात्र त्याचं काहीच नाही, याचाच मला राग यायचा.

अमजद वेबसाइटसाठी हलती चित्रं बनवतो. माउसला हात लावत नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, की ढीगभर फोटो आणि त्याचा कोड एकत्र होऊन ॲनिमेशन तयार. अब्दुलभाई मागे उभे राहून बघायचे. "लिहून चित्र काढतोस, म्हंजे तू पन पेंटरच की," म्हणायचे.

पान हळू उघडतं म्हणून पुण्याची गिऱ्हाइकं कुरकुर करायची. म्हणून त्याने त्या ओळीतच सोय करून ठेवली होती: आधीच्या फोटोपेक्षा फारसा फरक नसेल तो फोटो गाळायचा. शिवाय लॅपटॉप जुना, सारखा भरायचा, तेव्हा काम झालं की मूळ फोटोही पुसून टाकायचे. त्याला आपल्या या हुशारीचं भारी कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दिवाळीनंतर अब्दुलभाईंनी हट्टाने पोराच्या खोलीसाठी पाटी रंगवायला घेतली. फक्त नाव, अमजद. अमजदने स्टँडवर मोबाईल लावला, दर दोन सेकंदांनी एक फोटो. चौकटभर पाटी आणि हात, चेहरा वरच्या कोपऱ्यात लिंबाएवढा. एक अक्षर झालं की अब्दुलभाई ब्रश बाजूला घ्यायचे आणि मान वर करून समोर बसलेल्या पोराकडे बघत राहायचे, चांगला मिनिटभर. अमजद लाजून दुसरीकडे बघायचा. मी दोघांनाही चिडवून घेतलं.

दोन महिन्यांनी त्यांच्या छातीत कळ आली. नगरच्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं.

चाळिसावा झाल्यावर अमजदची आई, सकीनाभाभी दुकानात आल्या. पाटी रंगवताना पोराकडे कसं पोटभर बघून घेतलं, हे अब्दुलभाईंनी घरी चार वेळा सांगितलं होतं. भाभींना तेवढंच बघायचं होतं. अमजदने ते फोटो तोवर उघडायचं धाडस केलं नव्हतं. त्याने लॅपटॉप ओढला, बोटांना पाठ झालेली तीच ओळ टाइप केली आणि एंटर मारलं.

बारा सेकंदांत पाटी पुरी झाली. हात भराभर फिरला, चारही अक्षरं उमटली, मान मात्र एकदाही वर झाली नाही. ते वर बघत होते तेव्हा पाटी आणि हात जागचे हलले नव्हते, म्हणून कोपऱ्यातल्या लिंबाएवढ्या चेहऱ्याच्या हलण्याला लॅपटॉपने फरक मानलंच नव्हतं, ते सगळे फोटो गाळले होते. अमजद पांढराफटक पडला. त्या ओळीने पुसलेलं लॅपटॉपच्या कचरापेटीतही जात नाही. मोबाईलमधले त्याने लॅपटॉपवर घेतल्यावर आधीच काढून टाकले होते. नगरमध्ये दोन ठिकाणी लॅपटॉप दाखवला, काही हाती लागलं नाही.

त्याने आईपासून लपवलं नाही. "अम्मी, अब्बांचं बघनं मीच पुसलं," म्हणाला आणि मोठ्याने रडला. मीही रडलो, आणि हात फ्लेक्सच्या शाईने भरलेले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. सकीनाभाभी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आता गिऱ्हाइकांनी कितीही कुरकुर केली तरी अमजद फोटो गाळत नाही, पुसतही नाही. दर शुक्रवारी भाभी येतात. थांबवायचं बटण त्याने त्यांना दाखवून दिलंय. पोराला भिंतीवरच्या त्या पाटीखाली, पडद्यासमोर बसवतात, ॲनिमेशन लावतात आणि अक्षर पुरं झालं की बटण दाबतात. पडद्यावर अब्दुलभाई खाली पाटीकडेच बघत थांबलेले असतात.

"आता बघितलं तुज्याकडं," भाभी सांगतात. चार अक्षरं, चार वेळा.

अमजद आता दुसरीकडे बघत नाही. मान वर करून बसून राहतो.