राखेनं घासलेली बाटली

१९८६ साली मी बावन्न वर्षांचा होतो आणि आमच्या विहिरीबद्दल कोणाचं एक अक्षर ऐकून घेत नव्हतो. सौंसरजवळच्या आमच्या गावात गावविहिरीवर माझ्या बापाला दोर टाकू देत नव्हते, म्हणून आम्ही बौद्ध मोहल्ल्याच्या लोकांनी ही खोदली. तिचा मुरूम मी फोडला आहे. पाणी असं का तळाचा गोटा दिसे. पुढे सरकारनं पाटलाच्या दारासमोर सर्वांसाठी बोरिंग केलं, हापसायचं. मी म्हटलं, त्या दारी माझ्या घरची पाण्याची गुंडी जाणार नाही.

त्या साली बायकोला हगवण लागली. गोळी घेतली का थांबे, पुन्हा लागे. तिसऱ्यांदा ती उठून बसेना तेव्हा सौंसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचं शौच तपासायला नागपूरला पाठवलं आणि तोंडाला कागद बांधलेली एक बाटली मला दिली, विहिरीचं पाणी आणायला. आता कोणाकोणाच्या हातून आलेली बाटली, तिच्यात आपल्या विहिरीचं पाणी तसंच कसं भरावं? राखेनं घासली, खंगाळली, धोतरानं पुसली आणि मग भरली.

काही दिवसांनी बाई सांगतात, पाण्यात पोटातले जंतू आहेत. म्हणजे गू. आमच्या विहिरीत. मी भांडलो. भांडता भांडता राखेचं निघालं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. बाटली उकळून, बंद करून दिलेली होती. मला उलट हायसं वाटलं. खोट बाटलीत निघाली, विहीर सुटली. दुसरी बाटली त्यांच्या माणसानं येऊन भरली, मला हात लावू दिला नाही. तिच्यातही तेच.

मी विचारलं, या जंतूंनीच हगवण लागते का? त्या म्हणाल्या, यातले बहुतेक काही करत नाहीत.

"मंग त्याईले काहून धरून राहिल्या, बाई?"

"बाबा, ते दिसले म्हणजे घाणीला पाण्यात यायची वाट सापडली. रोग त्याच वाटेनं येतो."

वरून म्हणाल्या, बायकोच्या पोटातले जंतू नेहमीच्या गोळीला आता जुमानत नाहीत. आमच्याकडे रीतच होती, बरं वाटलं का गोळी बंद, उरलेली शेजारणीला. त्यानं जंतू निर्ढावतात, आणि निर्ढावलेले तेच परत विहिरीत. बायकोला दुसरं औषध लागू पडलं, पण हेच पाणी पुन्हा प्याली तर पुढच्या वेळी कोणतं औषध चालेल, याची हमी त्या देईनात.

वाट शोधायला लांब जायचं नव्हतं. धाकटा भाऊ पांढुर्ण्याला नगरपालिकेत नोकरीला. त्यानं मोहल्ल्यातला पहिला संडास बांधला तो विहिरीला लागून, पाणी जवळ पडावं म्हणून. लोक पाहायला आले होते. मी म्हटलं, तोड. तो म्हणाला, घरच्या बायांना पुन्हा नाल्याकडे पाठवू का?

"अन् संडास तोडला, भाऊ, तरी जे पाझरून गेलं ते कसं तोडता?"

धाकट्यानं उलट मलाच विचारलं. त्या रागात मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीचा दोर सोडला, गडगडी उतरवून घरात ठेवली आणि बायकोची गुंडी घेऊन पाटलाच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. कोणी काही बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. माझा नंबर आला, मी हापसलं.